घरी करायचं की विकत आणायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोजच्या स्वयंपाकात हा निर्णय आपण सतत घेत असतो आणि बहुतेक वेळा तो सवयीनं घेतो. एकदा नीट बसून विचार केला तर पैसे, वेळ आणि चव या तिन्हींत फरक पडतो. काही प्रश्नांची उत्तरं खाली लांब आहेत, कारण तिथे समजून घेण्यासारखं बरंच आहे. काहींची दोन ओळींत संपतात.

काय घरी करायचं आणि काय विकत घ्यायचं, हे ठरवायचं तरी कसं?

विकतचा पदार्थ हातात घ्या आणि स्वतःला विचारा: यात कारखान्यानं माझं नेमकं कोणतं काम केलंय?

कधी कारखाना असं काम करतो जे घरात होणारच नाही. चॉकलेट घ्या. कोको बिया भाजून दळल्यानंतर ते मिश्रण यंत्रात तासन् तास घोटावं लागतं. रोडॉल्फ लिंट यांनी १८७९ मध्ये ही घोटण्याची पद्धत शोधली, तोवर खायचं चॉकलेट खरखरीतच असायचं. सोया सॉस महिनोन् महिने आंबवावा लागतो, मुरवलेलं चीज ठरावीक थंडाव्यात आणि दमटपणात ठेवावं लागतं. असे पदार्थ बिनदिक्कत विकत आणा.

कधी कारखाना फक्त कष्ट वाचवतो. सोलणं, निवडणं, दळणं, शिजवणं, एवढंच. इथे उत्तर घरागणिक बदलतं.

आणि कधी तो साध्या चार जिन्नसांचं मिश्रण करून, ते महिनोन् महिने टिकावं याची तजवीज करून बाटलीत भरतो. सॅलड ड्रेसिंग, फळांच्या स्वादाचं दही, पॅनकेकचं तयार पीठ ही त्यातली मंडळी. तुम्हाला ते टिकवायचं नसून आजच खायचं असेल, तर त्या टिकाऊपणाचे पैसे का द्यायचे? हे घरी करा.

यालाच जोडून आणखी एक गोष्ट बघा. पदार्थ तयार झाल्यावर किती झपाट्यानं उतरतो? दळलेली कॉफी, कुटलेली मिरी, ब्रेड, ड्रेसिंग यांची चव तासांत किंवा दिवसांत उतरते, म्हणून घरी करण्याचा फायदा ताटात लगेच कळतो. ठेवून ठेवून जे सुधारतं ते दुसऱ्याला ठेवू द्या.

घरचं नेहमी स्वस्तच पडतं ना?

नाही. काही पदार्थांत निम्म्याहून कमी खर्च येतो, तर काहींत विकतपेक्षा जास्त.

दूध आणि दुधाचे पदार्थ यांतच बघा. एक लिटर दुधाचं जवळजवळ तेवढंच दही लागतं, म्हणजे दही घरी लावणं उघड फायद्याचं. तेच दूध लिंबू पिळून नासवलं आणि ताजं चीज केलं तर हातात दीडशे ते दोनशे ग्रॅम येतं, बाकीचं पाणी. ते पाणी कणीक मळायला, सूपला वापरलं तर ठीक, नाहीतर हिशेब बिघडतो. लोण्याचं त्याहून वेगळं. ३५ ते ४० टक्के स्निग्धांशाच्या एक लिटर क्रीममधून ४०० ते ४५० ग्रॅम लोणी निघतं. क्रीम विकत आणून लोणी काढायचं म्हटलं, तर बहुतेक ठिकाणी ते तयार लोण्यापेक्षा महागच पडतं. घरच्या दुधावरची साय साठत असेल तर गोष्ट निराळी.

खर्च मोजताना ओव्हन विसरू नका. साधा घरगुती ओव्हन सुमारे २ किलोवॉटचा असतो. तापायला आणि भाजायला मिळून तासभर चालला तर एक-दीड युनिट वीज जाते. एका ब्रेडसाठी तेवढी आणि एकदम तीन ब्रेडसाठीही जवळपास तेवढीच.

शिवाय एका सॉससाठी आणलेल्या आणि मग वर्षभर फळीवर पडून राहिलेल्या बाटल्या असतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हा प्रकार घरी काहीतरी करून बघण्याच्या हौसेत फार होतो. नवीन पदार्थ करायला घेण्याआधी एवढंच पाहा, की त्यातले किती जिन्नस घरात आधीच आहेत.

वेळेचा हिशेब कसा मांडायचा?

घड्याळाचा वेळ आणि हातांचा वेळ वेगळा धरा. दही लागायला सहा-आठ तास लागतात, पण तुमचे हात दहा मिनिटंच गुंततात. ब्रेडला हातांची वीस-पंचवीस मिनिटं पुरतात, मात्र तीन-चार तास घराबाहेर पडता येत नाही. पफ पेस्ट्रीत हातही गुंततात आणि तासही जातात.

भांडी घासण्याचा वेळ हमखास सुटतो. मूठभर बदाम दळायला यंत्राचं भांडं, झाकण, पातं सगळं धुवावं लागणार असेल, तर दोन मिनिटांचं काम बारा मिनिटांचं होतं. म्हणून अशी कामं एकदम जास्त करावीत. पाव किलो राजमा शिजवायला जेवढी खटपट तेवढीच किलोभर शिजवायला. उरलेला वाटे करून फ्रीजरमध्ये जातो.

"घरचं ते चांगलं" हे खरं, पण करणारं माणूस एकच असेल तर?

हा प्रश्न मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

"आपल्याकडे सगळं घरीच करतात" असं कौतुकानं सांगितलं जातं, तेव्हा त्या वाक्यात करणारा माणूस कुठेच दिसत नाही. रोज ताजा ब्रेड, आठवड्याचं दही, जॅम, सॉस, सगळं घरचं, आणि हे सगळं एकाच बाईच्या किंवा एकाच आजीच्या जिवावर. त्या श्रमाला किंमत लावली जात नाही म्हणून तो पदार्थ स्वस्त दिसतो. त्यामुळे पहिला नियम माझ्या मते असा: जो म्हणेल घरचं हवं, त्यानं त्यातलं एक तरी काम स्वतःकडे घ्यावं. भिजवणं, दळणं, बरण्या धुणं, ओव्हनकडे लक्ष ठेवणं, काहीही. कोणीच घेणार नसेल तर तो पदार्थ विकत आणावा, आणि आणल्याबद्दल कोणी नाक मुरडू नये.

आजारपण, लहान बाळ, परीक्षा, नोकरीतली धावपळ अशा काळात विकतच्या गोष्टींनी घर सावरलं जातं. त्यात कमीपणा कसला?

दही घरी लावावं का?

लावावं. एकच पदार्थ घरी करायचा असेल तर मी हाच निवडेन.

दूध आधी ८५ अंशांच्या आसपास तापवून काही मिनिटं तसंच ठेवा. दूध सुरक्षित होतं हे तर आहेच, पण दही घट्ट होण्यामागचं कारणही इथेच आहे. या उष्णतेत दुधातली काही प्रथिनं उलगडतात, दुसऱ्या प्रथिनांना जाऊन चिकटतात, आणि पुढे दह्याची वीण घट्ट बसते. नुसतं कोमट करून विरजलेलं दही पातळ राहतं, त्याचं हे कारण. मग दूध ४३ ते ४५ अंशांवर येऊ द्या. थर्मामीटर नसेल तर स्वच्छ मनगटावर दोन थेंब टाकून बघा. गरम लागलं पाहिजे, चटका बसता कामा नये. त्यात लिटरला चमचा-दोन चमचे विरजण थोड्या दुधात सारखं करून मिसळा, भांडं गुंडाळून ठेवा आणि हलवू नका. अर्धवट लागलेलं दही हलवलं की ती वीण मोडते आणि पाणी सुटतं.

विरजणातले लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस आणि स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस हे जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात. पीएच हे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आम्ल. तो ४.६ च्या जवळ पोचला की दूध बसतं. थंडीत वेळ जास्त लागतो, उन्हाळ्यात दही लवकर आंबतं. लागलं की लगेच फ्रीजमध्ये, एवढं पाळलं तर आंबटपणा आपल्या ताब्यात राहतो.

विकतच्या फळांच्या दह्यात साखर बरीच असते. घरच्या साध्या दह्यात फळ चिरून घाला, साखर किती घालायची ते तुम्ही ठरवाल.

ब्रेडचं काय?

इथे मत पक्कं द्यायचं तर, हौस असेल तर करा, कर्तव्य म्हणून करू नका.

घरच्या ब्रेडचं गणित सोपं आहे. ५०० ग्रॅम मैदा किंवा कणीक, ३२५ ते ३५० ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ, ५ ग्रॅमच्या आसपास इन्स्टंट यीस्ट. यापलीकडे काही लागत नाही. विकतच्या पिशवीवर याहून खूप लांब यादी दिसते, कारण तिथे ब्रेड आठवडाभर मऊ ठेवायचा असतो आणि झटपट काढायचा असतो. इंग्लंडमधल्या चॉर्लीवुड इथे १९६१ मध्ये अशी पद्धत विकसित झाली, जिच्यात पीठ अतिशय वेगानं मळून आंबवण्याचा बराचसा वेळ वाचवता येतो. ब्रिटनमधला बहुतांश ब्रेड आजही त्याच पद्धतीनं बनतो. चव मात्र यीस्टला मिळालेल्या वेळातून येते, आणि तो वेळ घरी देता येतो. पीठ रात्रभर फ्रीजमध्ये हळूहळू फुगू दिलं तर दुसऱ्या दिवशी वासावरूनच फरक कळतो.

जवळपास चांगली बेकरी असेल, जिथे पीठ, पाणी, मीठ आणि वेळ एवढ्यावरच ब्रेड होतो, तर तिथून आणणं हाही उत्तम निर्णय. सँडविचसाठी रोज कापलेला मऊ ब्रेड लागत असेल तर तो विकतच घ्या.

कोणताही ब्रेड फ्रीजमध्ये ठेवू नका. त्या तापमानाला त्यातला स्टार्च लवकर आकसतो आणि ब्रेड उलट झपाट्यानं शिळा होतो. दोन दिवसांचा बाहेर ठेवा, उरलेला कापून फ्रीजरमध्ये टाका.

राजमा, छोले डब्यातले घ्यावेत की कोरडे आणून शिजवावेत?

दोन्ही घरात असू द्या. १०० ग्रॅम कोरडं कडधान्य शिजून २२० ते २५० ग्रॅम होतं. ४०० ग्रॅमच्या डब्यातलं पाणी निथळल्यावर साधारण २४० ग्रॅम हाती येतं. म्हणजे एका डब्याच्या जागी शंभरेक ग्रॅम कोरडं धान्य पुरतं. किमतीची तुलना करताना डब्यावरचं एकूण वजन न बघता निथळलेलं वजन बघा.

घरी शिजवण्यात मीठ आपल्या हातात राहतं आणि दाणा हवा तेवढा मऊ करता येतो. डब्यातला माल पूर्ण शिजलेला असतो, फार तर खारट असतो, तो धुतला की बरंचसं मीठ निघून जातं. ऐन वेळच्या जेवणासाठी डबा, सुट्टीच्या दिवशी कुकर.

तांबड्या राजम्याबद्दल एक गोष्ट ठासून सांगायची आहे. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं. थोडे अर्धकच्चे दाणे खाल्ले तरी काही तासांत जोरदार उलट्या सुरू होतात. म्हणून तो किमान ५ तास भिजवा, ते पाणी फेका आणि नव्या पाण्यात खळखळून उकळा. किमान १० मिनिटं उकळायला हवं. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन ३० मिनिटं सांगतं, आणि तेवढं उकळणं जास्त शहाणपणाचं. मंद आचेवर तासन् तास शिजवणाऱ्या स्लो कुकरमध्ये राजमा थेट टाकू नका. तिथे पाणी उकळीपर्यंत पोचत नाही आणि ८० अंशांच्या आसपास हे विष कमी होण्याऐवजी वाढू शकतं. कुकरच्या शिट्ट्यांमध्ये हा धोका उरत नाही.

पीनट बटर करणं जमेल?

मिक्सर दणकट असेल तर नक्की. भाजलेले, सोललेले शेंगदाणे भांड्यात घाला. आधी त्यांचा कूट होतो. मग तो कूट भांड्याच्या कडेला चिकटून बसतो आणि पातं नुसतंच फिरत राहतं. पुष्कळ जण इथेच बिघडलं म्हणून थांबतात किंवा पाणी घालतात. पाणी अजिबात घालू नका. मिक्सर थांबवा, कडा खरवडून घ्या, भांडं जरा निवू द्या, पुन्हा चालवा. थोड्या वेळानं गोळा होतो, गोळा चमकायला लागतो, आणि मग एकदम तेल सुटून तो सैल होतो. चिमूटभर मीठ घातलं की झालं.

घरच्यात काही दिवसांनी तेल वर येतं. विकतच्या बऱ्याच बरण्यांत ते येऊ नये म्हणून घट्ट होणारी वनस्पती चरबी घातलेली असते, सोबत साखरही. नुसते शेंगदाणे आणि मीठ असलेली बरणी मिळत असेल तर ती घ्यायलाही हरकत नाही.

बुरसट, सुरकुतलेले, रंग बदललेले किंवा कडू लागणारे दाणे मात्र निवडून फेका. त्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं आणि ते भाजून पूर्ण जात नाही.

पास्ता?

कोरडा पास्ता आणि घरचा ताजा पास्ता हे दोन वेगळे पदार्थ आहेत. कोरडा पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा, यंत्रात जबर दाबानं साच्यातून काढलेला आणि सावकाश वाळवलेला असतो. त्याचा चिवट दाताखालचा पोत घरी येत नाही, म्हणून तो विकतच घ्यायचा. घरचा ताजा पास्ता १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं या मापानं होतो आणि मऊ, नाजूक लागतो. सणासुदीला, पाहुण्यांसाठी करावा. रोजच्या जेवणाला त्याची गरज नाही.

टोमॅटोचं सॉस आणि केचप?

सॉस घरी, केचप विकत.

टोमॅटो, लसूण, तेल, मीठ मंद आचेवर वीस मिनिटं शिजवलं की पास्त्याचं सॉस तयार होतं, आणि ते बरणीतल्या महागड्या सॉसपेक्षा बहुधा सरसच असतं. हंगाम नसेल तेव्हा मात्र डब्यातले सोललेले टोमॅटो वापरा. ते पूर्ण पिकल्यावर तोडून लगेच भरलेले असतात. बेमोसमी फिकट टोमॅटोशी झगडत बसण्यात अर्थ नाही.

केचपची गोष्ट उलटी. टोमॅटोत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ते आटवता आटवता किलोभर टोमॅटोचं एका छोट्या बाटलीभर केचप होतं, आणि ते खाऊन घरातली मुलं म्हणतात, हे केचपसारखं लागत नाही. फक्त विकतच्या केचपमध्ये दर १०० ग्रॅममागे २० ग्रॅमच्या आसपास साखर असते, हे लक्षात ठेवून ते चमच्यानं वाढा, धारेनं नको.

मसाले आणि कॉफी दळून आणावी का?

अख्खी आणा. मिरी, जिरं, धणे, दालचिनी यांचा सुवास त्यांच्यातल्या उडून जाणाऱ्या तेलांत असतो. दाणा अख्खा असेपर्यंत ती आत बंद असतात. दळलं की सगळीकडून हवा लागते आणि ती उडू लागतात. मिरीच्या छोट्या हातगिरणीवर केलेला खर्च सत्कारणी लागतो. कॉफीचंही तसंच, त्या त्या वेळेपुरती दळा. हळद मात्र तयार पूड घ्या. तिची गाठ इतकी कठीण असते की घरच्या यंत्राची परीक्षाच होते.

मेयोनीज आणि सॅलड ड्रेसिंग?

ड्रेसिंग आजपासून विकत आणणं बंद करा. तीन भाग तेल, एक भाग व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, मीठ, थोडी मोहरीची पेस्ट, झाकणाच्या बाटलीत घालून हलवा. मिनिटभराचं काम आहे.

मेयोनीज करायला सोपं आणि गमतीचं आहे. एका अंड्याच्या बलकात तेल थेंबथेंब फेटत गेलं की दीडशे-दोनशे मिलिलिटर तेल सहज मावतं. पण त्यात कच्चं अंडं असतं. घरात गरोदर बाई, लहान मूल, वयस्कर किंवा आजारी माणूस असेल तर पाश्चराइज्ड अंडी वापरा, नाहीतर विकतचं घ्या. कारखान्यात पाश्चराइज्ड अंडंच वापरतात. घरचं फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा.

बदामाचं आणि ओट्सचं दूध घरी करणं फायद्याचं आहे का?

चवीसाठी हो. विकतच्या बदाम दुधात बदामाचं प्रमाण कित्येकदा दोन-तीन टक्केच असतं, घरी ते भरपूर घालता येतं. ओट्सचं दूध घरी केलं तर तापवल्यावर बुळबुळीत होतं. कारखान्यात एन्झाइम घालून त्यातला स्टार्च आधीच तोडलेला असतो, त्यामुळे ते तसं होत नाही आणि गोडही लागतं. घरी करायचं तर गार पाण्यात अर्धा मिनिटच फिरवा आणि थंडच प्या.

गाईच्या दुधाऐवजी कोणी रोज हेच पीत असेल तर पोषणाचा मुद्दा येतो. विकतच्या कित्येक पाकिटांत कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि बी १२ वरून मिसळलेलं असतं. घरच्यात ते नसतं. अशा वेळी, विशेषतः वाढत्या मुलांसाठी, पोषकद्रव्यं घातलेलं विकतचं दूध जास्त योग्य.

गोठवलेल्या भाज्या वापरल्या तर तो "घरचा स्वयंपाक" राहतो का?

का नाही राहणार? गोठवलेले मटार तोडल्यापासून काही तासांत उकळत्या पाण्यातून काढून गोठवलेले असतात. चार दिवस बाजारात आणि तीन दिवस फ्रीजमध्ये पडलेल्या शेंगांपेक्षा ते ताजे म्हणावे लागतील. मटार, मका, पालक, बेरी बिनधास्त आणा. काकडी, लेट्यूस, कच्चे खायचे टोमॅटो यांना गोठवणं मानवत नाही.

आधीच चिरलेल्या भाज्यांचं मात्र वेगळं. चिरल्यावर त्या लवकर सुकतात आणि खराब होतात. हाताला संधिवात असलेल्या माणसासाठी तो मोठा आधार आहे, बाकीच्यांनी चाकू चालवावा. किसलेल्या चीजमध्ये किस चिकटू नये म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, त्यामुळे ते सॉसमध्ये तितकं मऊ वितळत नाही. तुकडा आणून किसा.

केकचं तयार मिक्स घेऊ का?

त्यात मैदा, साखर, बेकिंग पावडर आणि स्वाद असतो. अंडी, तेल, पाणी तुम्हीच घालता. वाचतात ती पाच मिनिटं. सुट्टीच्या दिवशी कोरडे जिन्नस मोजून तुम्हीच दोन-तीन बरण्या भरून ठेवल्या तर तेच मिक्स घरचं झालं.

पफ पेस्ट्री, आइस्क्रीम, चिप्स?

पफ पेस्ट्री विकत. तिहेरी घडी सहा वेळा घातली की लोण्याचे ७२९ थर होतात, आणि प्रत्येक घडीनंतर पीठ थंड करावं लागतं. फक्त लोण्याची बघून घ्या. आइस्क्रीम यंत्र असेल तर घरी, नसेल तर विकत. चिप्स विकत, आणि क्वचित.

जॅम आणि खारवलेल्या भाज्या?

फळं भरपूर आणि स्वस्त झाली की जॅम जरूर करा. मिश्रण १०४-१०५ अंशांवर पोचलं की ते घट्ट बसतं. साखर कमी केलीत तर ते घट्ट होण्याऐवजी पातळ राहतं आणि लवकर खराबही होतं. असं कमी साखरेचं जॅम फ्रीजमध्ये ठेवा, काही आठवड्यांत संपवा.

कोबी खारवणं त्याहून सोपं. कोबीच्या वजनाच्या २ ते २.५ टक्के मीठ चोळायचं, सुटलेल्या पाण्यात तो पूर्ण बुडवून ठेवायचा. बाकीचं काम जिवाणू करतात. मीठ अंदाजानं न घेता तोलून घ्या.

घरी अजिबात करू नये असं काही आहे का?

आहे, आणि इथे हौस बाजूला ठेवा.

तान्ह्या बाळाचं फॉर्म्युला दूध घरी बनवू नका. त्यातलं क्षार, प्रथिनं, लोह यांचं प्रमाण थोडं चुकलं तरी बाळाच्या जिवावर बेतू शकतं. इंटरनेटवर त्याच्या कृती फिरतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

भाज्या, कडधान्यं, मांस, मासे साध्या उकळत्या पाण्यात बरण्या उकळून महिनोन् महिने कपाटात ठेवायचे प्रयोग करू नका. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू १०० अंशांच्या उकळीत मरत नाहीत. त्यांना मारायला १२१ अंश लागतात आणि ते दाबाखालीच गाठता येतं. पीएच ४.६ च्या खाली असेल, म्हणजे पदार्थ पुरेसा आंबट असेल, तर ते वाढत नाहीत, म्हणून जॅम आणि व्हिनेगरमधल्या भाज्यांना ही भीती नाही. बंद बरणीत तयार होणाऱ्या त्या विषाला वास नसतो, रंग नसतो. भाज्या टिकवायच्याच असतील तर गोठवा.

तेलात बुडवलेला कच्चा लसूण बाहेर ठेवणं याच कारणानं धोक्याचं. लसणीचं तेल केलंत तर फ्रीजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा.

विकतचं सगळं आरोग्याला वाईट असतं का?

नाही, आणि असं सरसकट म्हटल्यानं माणसं घाबरतात, पण निवड सुधारत नाही. ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठातले कार्लुस मोंतेइरो यांनी २००९ मध्ये अन्नाची विभागणी प्रक्रियेनुसार मांडायला सुरुवात केली. त्यात डब्यातले छोले, साधं दही, चीज, गोठवलेले मटार एका बाजूला राहतात, आणि घरच्या स्वयंपाकात कधीच नसणारे घटक घालून बनवलेले पदार्थ, म्हणजे अल्ट्राप्रोसेस्ड, दुसऱ्या बाजूला.

दुसऱ्या गटाबद्दल काळजी करायला कारण आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी केलेला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. वीस जणांना दोन आठवडे अल्ट्राप्रोसेस्ड आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. ताटात वाढलेले उष्मांक, साखर, मीठ, चरबी, तंतू सारखेच ठेवले होते आणि हवं तेवढं खायची मुभा होती. अल्ट्राप्रोसेस्ड अन्नावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन ०.९ किलोनं वाढलं. प्रयोग छोटा होता, पण काळजीपूर्वक केलेला होता.

घरचं म्हणून सगळं हलकंफुलकं असतं असंही समजू नका. घरच्या केकमध्येही साखर आणि लोणी असतंच.

लेबल वाचायचं ते नेमकं काय बघायचं?

घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात, म्हणून पहिले तीन बघा. त्यात साखर असेल तर तो गोड पदार्थ आहे, पुढे काहीही लिहिलेलं असो. मग मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, त्यातलं किती एकट्या या पाकिटात जातंय ते पाहा. पुढच्या बाजूची मोठी अक्षरं वाचली नाहीत तरी चालेल.

घरी केलेलं किती दिवस टिकतं?

शिजवलेलं अन्न दोन तासांत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे आणि तीन-चार दिवसांत संपलं पाहिजे. फ्रीज ४-५ अंशांवर, फ्रीजर उणे १८ वर. मोठ्या पातेल्यातलं सूप तसंच आत ठेवलं तर मध्यभागी ते तासन् तास कोमट राहतं, म्हणून उथळ डब्यांत काढा. डब्यावर तारीख लिहा. न लिहिलेला डबा पुढच्या महिन्यात कोणालाच ओळखता येत नाही.

घरचं केलं तर मुलं म्हणतात, विकतच्यासारखं लागत नाही. काय करू?

विकतच्यासारखं लागावं हा हट्ट सोडा. कारखान्याच्या चवीमागे साखर, मीठ आणि स्वादद्रव्यांची नेमकी मापं असतात, घरी तीच चव आणायची तर तेवढंच सगळं घालावं लागेल. त्याऐवजी सुरुवातीला अर्धं-अर्धं मिसळा. गोड दह्यात साधं दही, विकतच्या सॉसमध्ये घरचा टोमॅटो. प्रमाण दर आठवड्याला थोडं सरकवा. शक्य असेल तर मुलांना करायलाच घ्या. स्वतः घोटलेलं पीनट बटर मूल सहसा नाकारत नाही. आणि एखादा पदार्थ त्यांना विकतचाच आवडत असेल, तर तो आणा आणि घरची मेहनत दुसऱ्या पदार्थासाठी राखून ठेवा.